चार नवम्यांचं ग्रीस

मी एक जुना स्टार्टर आहे. किती जुना, तर मित्रांनो, तुमचे आईबाबा पाटी घेऊन शाळेत जायच्या आधीपासून मी लोकांना कामावर पोचवतोय! नाही, थांबा. पोचवते ती गाडी. मी तिला फक्त उठवतो. सकाळी तुम्हाला कोण उठवतं? आई ना? आणि उठल्यावर तुम्ही तिचे आभार मानता का? मग तसंच माझं.

मी दिसायला काही फार देखणा नाही. काळा, लोखंडी, जड, स्वयंपाकघरातल्या लांबट डब्याएवढा. पोटात तांब्याच्या तारा आणि नाकाच्या शेंड्याला एक छोटं दातेरी चाक. त्याला पिनियन म्हणतात. माझ्यासमोर इंजिनचं मोठं दातेरी चाक असतं, ताटाहूनही मोठं. डॅशबोर्डवरची मूठ कोणी ओढली की बॅटरीची वीज माझ्या अंगात येते, मी गर्रकन फिरतो, पिनियन दांडीच्या आट्यांवरून पुढे धावतं, मोठ्या चाकाचे दात पकडतं, त्याला असा एक धक्का देतं की इंजिन डोळे चोळत उठतंच, आणि पिनियन परत आपल्या घरी. एका चुटकीचा खेळ. पण ती चुटकी नसेल तर एवढी मोठी अँबेसेडर म्हणजे चार चाकांवरचं कपाट!

मला कोणी घडवलं ते माहीत नाही. तारा गुंडाळताना कोणीतरी गुणगुणत होतं, एवढंच आठवतं. मग एका साईच्या रंगाच्या गाडीत मला बसवलं आणि लष्करातल्या एका साहेबांबरोबर मी गावोगाव फिरलो. साहेब जबलपुरात निवृत्त झाले तेव्हा त्यांनी गाडी शांताराम देशकरांना दिली. शांताराम इथल्या फॅक्टरीत फिटर होते. किल्ली देताना साहेब म्हणाले होते, "शांताराम जी, गाड़ी को जो खिलाना है खिलाइए, पर स्टार्टर की नाक सूखी रखना."

काय दिवस होते ते! अधारतालच्या गल्लीत थंडीच्या सकाळी सगळ्यांच्या स्कूटर किका खाऊन खाऊन थकायच्या, आणि मी? एकदा मूठ ओढली की खट्, घुर्र! लोक मफलरमधून तोंड बाहेर काढून म्हणायचे, "देशकर साहब, आपकी गाड़ी तो कमाल है." मी फुगायचो. कितीतरी नवऱ्या मी मांडवापर्यंत पोचवल्या, दर कोजागिरीला भेडाघाट केला, आणि शांतारामांचा मुलगा अभिराम जन्मला तेव्हा त्याला दवाखान्यातून घरी आणायला मीच गाडी उठवली. पुढे अभिरामची मुलगी दुर्वा जन्मली तेव्हाही मीच. तोवर शांतारामांना सगळे आबाजी म्हणू लागले होते.

आता एक गंमत सांगतो. आबाजींच्या घरी खंडेनवमी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठा सण. त्या दिवशी घरातलं प्रत्येक हत्यार अंगणात पाटावर येतं. पाने, पक्कड, कानस, हातोडी, दुर्वाच्या आईची शिवणकामाची कात्रीसुद्धा. सगळ्यांना पुसायचं, तेलाचं बोट लावायचं, हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. आणि आबाजी मला गाडीतून सोडवून त्या पाटावर मधोमध बसवायचे! मला केरोसिननं न्हाऊ घालायचे, उन्हात वाळवायचे आणि माझ्या पाठीवर कुंकवाचं बोट ओढायचे. नाकाला काही नाही, ते कोरडंच. संध्याकाळी परत गाडीत. वर्षातला तो एक दिवस मला आकाश दिसायचं.

मग आबाजींचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी पाखरं गेली, मग फोनची घंटी, मग माणसं. कानाचं यंत्र लावून दिलं, तर म्हणाले, "याच्यात मले शिट्ट्याच ऐकू येतात." ज्या माणसानं आयुष्यभर मशीनला कान लावून तिचा आजार ओळखला, त्याच्या कानात आता कापूस भरल्यासारखी शांतता होती.

चार वर्षांपूर्वी शेजारच्या मेघनाकाकू ओरडून म्हणाल्या, "काका, तुमची गाडी चालू होताना खडखड करून राहिली हो!" खडखड माझ्या एका ढिल्या बोल्टची होती. पण आबाजींना ती ऐकूच आली नाही, मग ओळखणार कशी? त्यांना फक्त एवढं कळलं की आपल्या गाडीची तक्रार आली. त्या नवमीला त्यांनी पहिल्यांदा माझ्या नाकाला ग्रीस लावलं. मला परत बसवताना बोल्टही आवळला गेला, खडखड थांबली, आणि श्रेय कोणाला? ग्रीसला! पुढच्या वर्षी जास्त ग्रीस. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी जास्त. न्हाऊ घालायचंही सुटलं, कारण आबाजींना वाटायचं, इतकं छान ग्रीस कशाला धुवायचं?

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं. त्या ग्रीसवर कुंकू बसलं, अक्षतांचा चुरा बसला, क्लचची काळी धूळ बसली. माझ्या आट्यांवर नुसता चिखल झाला. पिनियनला धावता येईना. मूठ ओढली की मी आधी रिकामाच भुंऽऽ करून फिरायचो, मग पिनियन कसंबसं रखडत पोचायचं आणि थांबलेल्या दातांवर आदळायचं, खर्रर्र! इंजिन चालू झालं की परत यायलाही उशीर, मग चींऽऽ! मला स्वतःलाच माझा आवाज ऐकून लाज वाटायची.

"अभिराम, तुझी गाडी चालू झाली की आमचा दूध पिणारा नातू दचकते बापा," मेघनाकाकू म्हणाल्या. कधी मी चालायचो, कधी नाही. एकदा तर बडा फुहाराच्या बाजारात ऐन गर्दीत मी तीनदा नुसताच भुणभुणलो आणि अभिरामबाबांना लोकांकडून गाडी ढकलून घ्यावी लागली. मागून कोणीतरी म्हणालं, "भैया, म्यूज़ियम उधर है!" बाबा रेल्वेच्या ऑफिसात पोचेपर्यंत शर्टाला घामाचा नकाशा झाला होता.

त्या शनिवारी गोहलपुरहून आलोकभैया मेकॅनिक आले. पाठीमागे चार गिऱ्हाइकं ताटकळत होती, म्हणून ते गाडीबाहेर उभ्या उभ्याच म्हणाले, "चलो, मारो एक सेल्फ." बाबांनी मूठ ओढली. भुंऽऽ, खर्रर्र, चींऽऽ.

"दांत गए, बाबूजी," आलोकभैया म्हणाले. "अंदर की रिंग गई. गियरबॉक्स उतारना पड़ेगा, और रिंग मिलेगी कहाँ?" रिंग म्हणजे माझ्यासमोरचं ते मोठं दातेरी चाक.

 बाबांनी फोन लावला. हायवेवर ज्यांचा ढाबा आहे, त्या विष्णूभाऊंना ही गाडी कधीची हवी होती. चालवायला नाही! ढाब्याच्या दारात शोभेला. इंजिन काढून टाकायचं आणि बोनटमध्ये झेंडूच्या कुंड्या ठेवायच्या. सोमवारी सकाळी दोर घेऊन येतो म्हणाले.

आणि मी? अहो, ज्या गाडीत इंजिनच नाही तिथे स्टार्टर काय कुंड्यांना उठवणार? मी भंगारात.

बाबांनी पाटीवर लिहून आबाजींना विचारलं. आबाजींनी दोनदा वाचलं. "दात गेले?" ते म्हणाले. "माझ्या हातानं गेले असतील. देऊन टाक." आणि खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. जेवायलाही उठले नाहीत. मला गाडी जाण्यापेक्षा ते वाक्य जास्त लागलं. चाळीस वर्षं ज्या हातांनी एक आटा चुकवला नाही, ते हात म्हणत होते की आम्हीच चुकलो.

आता दुर्वाची गोष्ट. ती दहावीत आहे. त्या रविवारपर्यंत घरात कोणी तिला काही विचारायचं नाही, आणि तीही सांगायची नाही. पण आठच दिवसांपूर्वी तिनं रस्त्यात उतरलेली सायकलची चेन स्वतः चढवली होती, एकटीनं! तेव्हापासून तिला वाटत होतं की जगातली प्रत्येक गोष्ट उघडता येते, फक्त पाना हवा. रविवारी सकाळी ती आबाजींच्या खोलीत गेली आणि त्यांना हाताला धरून अंगणात घेऊन आली. तिनं त्यांना खुर्चीत बसवलं आणि पाटीवर लिहून विचारलं,

"आबाजी, आलोकभैयानं एकदाच ऐकलं. तुम्ही तर ऐकलंच नाही. असं कसं देऊन टाकायचं?"

"काहून त्रास देतेस पोरी? मले ऐकू येते का आता?"

दुर्वानं त्यांचा तळहात स्वतःकडे ओढला. "बाबा, मूठ ओढा!" बाबांनी नाइलाजानं ओढली, आणि माझा आवाज जसजसा झाला तसतसा तिनं तो आबाजींच्या तळहातावर बोटांनी वाजवला. आधी बोटांची भरभर टकटक. मग नखांचा एक करकरीत ओरखडा. शेवटी करंगळीची एक लांब रेघ.

आबाजींचा हात जागेवरच थांबला. भुवया वर गेल्या. "पुन्हा."

पुन्हा तेच. "पुन्हा." पाच वेळा इंजिन चालू झालं, पाच वेळा बंद झालं, आणि पाचही वेळा तळहातावर तेच.

"आधी रिकामं फिरते? मग घासते?"

"हो!" दुर्वानं जोरात मान हलवली.

"दर वेळी? का कधी कधी?"

दुर्वानं पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: दर वेळी.

आबाजी खुर्चीत सरळ बसले. मी त्यांना कित्येक महिन्यांत असं बसलेलं पाहिलं नव्हतं. "मग मेकॅनिक चुकला," ते म्हणाले. "चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना दोनच जागी थांबते. रिंगचे दात जातात ते तिथंच. मग ते कधी घासेल, कधी नाही घासणार. दर वेळी होत असंल तर रोग रिंगमध्ये नाही. स्टार्टरच्या नाकात आहे. अभिराम, बॅटरीची तार काढ पहिले!"

बाबा पाटीवर लिहीत म्हणाले, "आबाजी, उद्या सकाळी माणूस येऊन राहिला."

"उद्या येऊन राहिला ना? आज तर नाही?"

दुर्वाला इतकं हसू आलं की तिच्या हातातून पाना पडला.

मग काय मजा आली म्हणून सांगू! दुर्वा बोनटमध्ये अर्धी आत, नुसते पाय बाहेर. एक बोल्ट सुटला. दुसरा हलेना. आई दारातून म्हणाली, "दुर्वे, परवा गणिताची टेस्ट आहे." आतून आवाज आला, "आई, हा बोल्ट गणितापेक्षा सोपा आहे!" आणि मी सुटलो. तिनं मला दोन्ही हातांनी छातीशी धरून बाहेर काढलं. फ्रॉकची वाट लागली, पण तिला फिकीर नव्हती.

आता खरी परीक्षा. माझी जागा रिकामी झाली होती, आणि त्या भोकातून मोठ्या चाकाचे दात दिसत होते. आबाजींचं म्हणणं चुकलं तर सगळं संपलं. इंजिन हलकं फिरावं म्हणून आबाजींनी चारही प्लग काढून ठेवले. बाबांनी पुढून लोखंडी हँडल घालून इंजिन हळूहळू फिरवायला घेतलं. आबाजी टॉर्च धरून उभे, आणि दुर्वा भोकाला डोळा लावून एकेक दात बघतेय. मी पाटावर पडल्या पडल्या श्वास रोखला होता. म्हणजे, माझ्याकडे श्वास असता तर रोखला असता!

"चांगला... चांगला... चांगला..." आणि अचानक ती थांबली. "आबाजी, इथे कोपरे खाल्लेले आहेत."

तिचा चेहरा पाहूनच आबाजींना कळलं.  ते स्वतः वाकले, बोट आत घातलं आणि त्या दातांवरून फिरवलं. बराच वेळ.

"नुसती कड खरडलीय," शेवटी ते म्हणाले. "अंग पूर्ण आहे. हे दात आणखी वीस वर्षं जातील. फिरव रे अभिराम!"

पूर्ण एक फेरा झाला. एकही दात तुटलेला नव्हता. बाबा हँडल टाकून जमिनीवरच बसले आणि म्हणाले, "बापा रे." त्यात सगळं आलं.

मग आबाजींनी मला मांडीवर घेतलं आणि माझं पिनियन अंगठ्यानं ढकललं. ते हललं नाही. जोर लावला तेव्हा गूळ लागल्यासारखं इंचभर सरकून अडकलं. आबाजींनी बोट आट्यांवरून फिरवलं आणि उजेडात धरलं. काळा चिखल, आणि त्यात लाल. कुंकू. एक तांदळाचा दाणासुद्धा.

 दाण्याकडे सगळ्यांनीच पाहिलं होतं. हा दाणा कोणी वाहिला, हे ग्रीस कोणी लावलं, कोणाला विचारायची गरज नव्हती.

"साहेबांनी सांगितलं होतं, नाक सूखी रखना," आबाजी हळूच म्हणाले. "मले माहीत होतं. पण लोक म्हणाले आवाज येते. मले आवाज ऐकू येईना, म्हणून मी हातानं जास्त केलं."

मला वाटलं, आता हे उठून परत खोलीत जातील.  दुर्वानं मात्र पाटी घेतली, भराभर लिहिलं आणि आबाजींच्या नाकासमोर धरली:

"तुटलं काहीच नाही. नुसतं मळलंय. ब्रश कुठे आहे?"

आबाजींनी वाचलं. पुन्हा वाचलं. आणि मग त्यांच्या मिश्या हलल्या. "अभिरामचा दात घासायचा ब्रश आण," ते म्हणाले.

"माझाच काहून?" बाबा ओरडले.

"जुना असंल तो!"

जपून ठेवलेल्या केरोसिनची बाटली बाहेर आली. दुर्वानं घासलं, आबाजींनी धुतलं, दुर्वानं पुन्हा घासलं. पहिलं केरोसिन काळं, दुसरं तपकिरी, तिसऱ्यात तळ दिसला. मित्रांनो, तुमचं नाक कधी आठ दिवस चोंदून मग एकदम मोकळं झालंय? बस, तेच! चार वर्षांनी मी मोकळा झालो. फडक्यानं पुसलं, दुपारभर उन्हात ठेवलं, आणि मग आबाजींनी पिनियनला बोटानं नुसता झटका दिला. सर्रकन पुढे, सर्रकन मागे.

"हे पुढे धावते कसं पण, कोणी न ढकलता?" दुर्वानं इशाऱ्यानं विचारलं.

"दांडी एकदम फिरते, याचं वजन म्हणते मी नाही फिरत. मग आट्यांवरून पुढे जाते."

"अरे! हे तर जडत्व!" दुर्वा जागच्या जागी उडाली. "नववीत होतं! मी पाच मार्कांचं लिहिलं होतं! कोणी सांगितलंच नाही की ते आपल्या गाडीत राहते!"

बसवायच्या आधी बाबांनी ग्रीसचा डबा पुढे केला. "थोडं तरी लावू या, नाही तर घासेल."

आबाजी आणि दुर्वा एकदमच म्हणाले, "कोरडं!"

दोन्ही बोल्ट आवळले, तार जोडली, प्लग बसवले. बाबा आत बसले. आबाजींनी मडगार्डवर हात ठेवला आणि दुसरा हात दुर्वापुढे केला. मी मनातल्या मनात तांब्याच्या सगळ्या तारा आवळल्या. मूठ ओढली.

खट्, घुर्र!

एवढंच. भुंऽऽ नाही, खर्रर्र नाही, चींऽऽ नाही. दुर्वानं आबाजींच्या तळहातावर एक टिचकी मारली आणि मग आपला पूर्ण पंजा त्यावर सपाट ठेवला. आबाजी वाट बघत राहिले. आणखी काही येतंय का? काहीच आलं नाही. मग त्यांनी डोळे मिटले आणि इतका मोठा श्वास सोडला की मला वाटलं, चार वर्षांपासून तो तिथेच अडकला होता.

भिंतीवरून मेघनाकाकूंचं डोकं वर आलं. "काहून हो, आज गाडी आवाज नाही करून राहिली? बिघडली का?"

सोमवारी विष्णूभाऊ खरंच दोर घेऊन आले. बाबांनी काही न बोलता मूठ ओढली. विष्णूभाऊंनी इंजिन ऐकलं, दोर खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "अरे, ये तो चलती है! चलती गाड़ी में गमले रखूँ? पाप लगेगा मुझे." चहा पिऊन गेले. आलोकभैयांना कळलं तेव्हा ते दुकान सोडून बघायला आले, दोनदा मूठ ओढली, कान पकडले आणि हसत म्हणाले, "दीदी, नौकरी करोगी?" दीदी म्हणजे दुर्वा! ती दोन दिवस जमिनीवर नव्हती.

तर मित्रांनो, मी काही फार शहाणा नाही. माझं डोकं नाकाच्या शेंड्याला आहे. पण एवढं सांगतो. आम्हा जुन्या वस्तूंना तुम्ही विसरलात तर आम्ही बिघडतो, हे तुम्हाला शाळेत शिकवतात. न ऐकता नुसतं प्रेम ओतत राहिलात तरी आम्ही बिघडतो, हे कोणी शिकवत नाही. आमच्यापैकी कोणी कुरकुरलं, मग ते यंत्र असो, कुत्रं असो की घरातलं माणूस, तर लगेच ग्रीसचा डबा उघडू नका. आणि एकानं एकदा ऐकून 'गेलं' म्हटलं म्हणून टाकूनही देऊ नका. आधी विचारा, कधी होतं? कुठे होतं? दर वेळी की कधी कधी? आणि ज्याला विचारायचं त्याला ऐकू येत नसेल, तर त्याचा हात हातात घ्या.

दुसऱ्या रविवारी आबाजींनी पांढऱ्या रंगाची डबी आणि बारीक ब्रश घेतला. फॅक्टरीत मशीनवर सूचना लिहायचे ना, तशा सरळ अक्षरांत त्यांनी बोनटच्या आतल्या बाजूला, मला रोज दिसेल असं लिहिलं: "स्टार्टरच्या नाकाला काही लावू नये. पूजेत फूल चालेल."

त्याखाली त्यांनी एक रेघ ओढली. फॅक्टरीत त्या रेघेवर तपासणाऱ्याची सही असे, आणि सहीशिवाय काम बाहेर पडत नसे. आबाजी स्वतःच सही करतील असं मला वाटलं. त्यांनी ब्रश दुर्वाच्या हातात दिला.